झाकणाचा फोटो

समजा, तुम्ही एका प्रचंड मोठ्या तव्यावर पाठ टेकून पडला आहात. घाबरू नका, चटका बसणार नाही. दिवसभराचं ऊन या तव्याने पोटात धरून ठेवलं आहे आणि आता संध्याकाळ उलटल्यावर ते तो हळूहळू तुमच्या पाठीला देतो आहे. कोकणात अशा तव्याला सडा म्हणतात. डोंगराच्या माथ्यावरचा सपाट, काळा, खडबडीत कातळ. झाड नाही, घर नाही, त्यामुळे आकाश अगदी कडेपर्यंत दिसतं.

आता आणखी एक गोष्ट समजा. हा काळ आजचा नाही. आज तुमच्या वर्गात बसणारी मुलं मोठी होऊन नोकरीला लागतील, तेव्हाचा आहे. एसटी विजेवर चालते, शाळेत फळ्याच्या जागी अख्खी भिंतच उजळते. पण जांभा दगड तोच आणि जानेवारीतला वाराही तोच. तुमच्या शेजारी, त्याच तव्यावर, बारा वर्षांची एक मुलगी गुडघे टेकून कॅमेऱ्याशी खटपट करते आहे. तिचं नाव मैथिली बाईत. गाव कुंभवली.

दिसली? मग चला तिच्याबरोबर.

त्या संध्याकाळी सड्यावर पाहुणे होते. मैथिलीची आत्या, सुलभाआत्या, सड्याच्या पायथ्याशी होमस्टे चालवायची. घावणे, सोलकढी आणि रात्रीचं आकाश, या तीन गोष्टींसाठी लोक पुण्या-ठाण्याहून यायचे. पहिल्या दोन गोष्टी आत्या सांभाळायची, तिसरी मैथिली. शाळेच्या आकाश क्लबचा कॅमेरा तिच्याकडेच असायचा.

"हलू नका हं कुणी," मैथिली म्हणाली. कॅमेऱ्याने काही क्षण आकाश पिऊन घेतलं आणि मागच्या पडद्यावर फोटो उमटला. काळ्याभोर मखमलीवर साखर सांडावी तसे तारे. कृत्तिकांचा घोस, त्याभोवतीचं निळसर धुकं, मृगाच्या तलवारीतला गुलाबी ढग.

"बापरे!" पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं. "मान गये!"

एक छोटी मुलगी मात्र पडद्याकडे बघायची, मग वर बघायची, मग पुन्हा पडद्याकडे. तिचं नाव मिहिका. समोरचे दोन दात पडलेले.

"ताई, फोटोत एवढे तारे आहेत," ती म्हणाली. "मग वर का नाहीत?"

"कॅमेऱ्याचा डोळा आपल्यापेक्षा मोठा असतो ना," मैथिलीने ठरलेलं उत्तर दिलं.

"मग वरचं आकाश असं ताकासारखं का दिसतंय?"

"मिहू, ताईला त्रास देऊ नकोस," तिची आई म्हणाली आणि सगळे जेवायला खाली उतरले. मैथिलीने चटया गुंडाळल्या. ताकासारखं! काहीतरीच. पण खाली उतरताना तिनेही एकदा वर बघितलं.

इथे मला थोडं थांबून तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगायची आहे. ती कळली, की पुढचं सगळं सोपं आहे.

तुम्ही कधी लग्नाच्या मांडवातून आजीशी फोनवर बोलला आहात? बँड दणदणत असतो. आजी काहीतरी म्हणते. आवाज कानावर पडतो, पण शब्द लागत नाहीत. अंधारात कॅमेऱ्याचं हेच होतं. ताऱ्याचा प्रकाश म्हणजे आजीचा आवाज, अगदी बारीक. आणि कॅमेऱ्याच्या आतला सेन्सर, त्यातली वीज, त्याची ऊब हे सगळे मिळून जो बँड वाजवतात, त्याला फोटो काढणारे लोक नॉईज म्हणतात. तो ऐकू येत नाही, दिसतो. काळ्या आकाशावर रवा सांडल्यासारखे लाल, निळे, राखाडी ठिपके.

पूर्वी यावर दोन उपाय होते. पहिला म्हणजे आजीला तेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलायला लावायचं. बँड दर वेळी काही वेगळं वाजवतो, आजी मात्र तेच म्हणते. तसे एकाच आकाशाचे पुष्कळ फोटो काढून एकावर एक ठेवले, की ठिपके एकमेकांना पुसून टाकतात आणि तारे तेवढे ठळक होतात. दुसरा उपाय गमतीचा होता. कॅमेऱ्याच्या तोंडावर झाकण लावायचं आणि तसाच फोटो काढायचा! बाहेरून प्रकाशाचा कणही आत येत नाही. म्हणजे त्या काळ्या फोटोत जे ठिपके दिसतील ते आकाशाचे नव्हेत, कॅमेऱ्याचे स्वतःचे. तेवढे खऱ्या फोटोतून वजा करायचे.

हे सगळं करायला वेळ लागायचा. मग 'नितळ' आलं. ती एक कृत्रिम बुद्धिमत्ता होती. जगभरातले करोडो फोटो तिला दाखवून शिकवलं होतं, की चांगलं आकाश कसं दिसतं आणि घाण कशी दिसते. तुम्ही एक साधा फोटो द्या, नितळ त्यातली घाण काढून टाकणार आणि जिथे तारा पुसट आहे तिथे तो नीट करून देणार. थोडक्यात, आजी काय म्हणणार हे नितळला आधीच पाठ होतं. बँड कितीही वाजू दे, ते सांगणार, "आजी म्हणते, जेवलीस का?" बहुतेक वेळा ते बरोबरही निघायचं. बघता बघता प्रत्येक फोनमध्ये, प्रत्येक कॅमेऱ्यात नितळ आलं. ते चालू आहे हेही लोक विसरून गेले.

पण समजा, एखाद्या दिवशी आजी काही वेगळंच म्हणाली तर?

हा प्रश्न लक्षात ठेवा आणि पुन्हा कुंभवलीला चला.

खाडीच्या पलीकडे तीन वर्षांपूर्वी कंटेनर ठेवायचं मोठं यार्ड झालं होतं. आंबा, काजू, मासळी, सगळं तिथून बोटीत चढायचं. गावातल्या कितीतरी घरांचा पगार तिथून यायचा, त्यामुळे यार्डाशी कुणाचं भांडण नव्हतं. भांडण होतं ते दिव्यांशी. यार्डाचे उंच खांब रात्रभर चारी बाजूंना आणि वरतीही प्रकाश फेकायचे. आता तर तसेच नवे खांब सड्याच्या कडेवरच उभे राहणार होते. आकाश क्लबचं म्हणणं एवढंच होतं, की दिव्यांना टोप्या घाला. प्रकाश खाली जमिनीवर पडू दे, वर कशाला?

तोवर तसा कायदाही झाला होता. काळोखी आकाशाच्या गावात नवे दिवे लावायचे तर जिल्ह्याच्या आकाश समितीची परवानगी लागायची. समितीने क्लबला सांगितलं, तीन वर्षांचे फोटो पाठवा. क्लबने पाठवले.

आत्याच्या पडवीत बसून मुकादम मॅडमनी समितीचं उत्तर फोनवर वाचलं. रुबिना मुकादम मॅडम शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि क्लब त्यांनीच सुरू केला होता. वाचता वाचता त्यांचा चष्मा नाकावर घसरला, तो त्यांनी वर केला नाही.

"काय गो म्हणतात?" आत्याने आतून विचारलं.

"म्हणतात, तुमच्या सड्यावरचं आकाश तीन वर्षांत आणखी काळोखी झालंय."

आत्या हसत बाहेर आली. "म्हणजे यार्डाचे दिवे काळोख पाडतात की काय?"

"फोटोंवरून तसंच दिसतं म्हणे. पहिल्या वर्षीपेक्षा दुसऱ्या वर्षीचं काळं, त्यापेक्षा या वर्षीचं काळं. यार्डाचे इंजिनियर मोहिते आहेत ना, त्यांनीही फोटो दिलेत. त्यांचेही तसेच. आणि लोकांच्या फोनमधल्या फोटोंवरून सरकारने सगळ्या राज्याचा नकाशा केलाय, त्यातही आपण गडद निळे. सोमवारी सुनावणी. पण ती नावापुरतीच."

"असं कसं होईल?" मैथिली म्हणाली. "यार्डाचे दिवे घरातून दिसतात आपल्याला!"

"फोटोत नाही ना दिसत," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर दोघी सड्यावर गेल्या. मॅडमना ताजे फोटो हवे होते. मैथिलीने उत्तरेकडे, यार्डाच्या दिशेने कॅमेरा लावला. फोटो आला तो नेहमीसारखाच, काळी मखमल आणि तारे. मॅडम तो कितीतरी वेळ बघत बसल्या, मग त्यांनी सुस्कारा सोडला. "सुंदर आहे गं. तीच तर पंचाईत आहे."

काम संपलं. मैथिलीने झाकण लावलं आणि कॅमेरा वर, कृत्तिकांकडे वळवून पुन्हा बटण दाबलं.

"अजून काढतेस झाकणाचा फोटो?" मॅडमना हसू आलं. "नितळ आल्यापासून कुणी विचारत नाही त्याला."

"तुम्हीच लावलीत सवय. जेवल्यावर ताट उचलायचं तसं, म्हणायचात."

एरवी झाकणाच्या फोटोआधी ती नितळ बंद करायची. आज मन थाऱ्यावर नव्हतं, ते राहून गेलं. तिने पडद्यावर नजर टाकली आणि तिला वाटलं, झाकण लावायलाही आपण विसरलो. तिने हात पुढे केला. झाकण जागेवर होतं. गार, घट्ट बसलेलं. आणि पडद्यावर कृत्तिकांचा घोस होता, निळसर धुक्यासकट.

"मॅडम."

"काय?"

"हे बघा. झाकण बघा आणि हे बघा."

मॅडमनी झाकणावरून बोट फिरवलं. मग त्या कातळावर खालीच बसल्या, चटई टाकायचीही वाट न बघता.

"कॅमेऱ्याला काहीच दिसलं नाही," मैथिली सावकाश म्हणाली. तिच्या डोक्यात एकेक तुकडा जागेवर बसत होता. "पण नितळला माहीत आहे आपण कुठे आहोत, किती वाजलेत, कॅमेरा कुठे बघतोय. मग इथे काय दिसायला हवं ते त्याने... काढलं. चित्रासारखं."

"आणि जे दिसायला नको ते पुसलं," मॅडम म्हणाल्या. "यार्डाचा उजेड हवेतल्या धुळीवर, दमटपणावर पडतो आणि सगळ्या आकाशावर पसरतो. नितळच्या हिशेबी ती घाण. दर वर्षी ते जास्त हुशार झालं, दर वर्षी त्याने जास्त घाण काढली. म्हणून दर वर्षीचं आकाश जास्त काळं!"

मैथिलीने नितळ बंद केलं, झाकण काढलं आणि उत्तरेचा फोटो पुन्हा घेतला. या वेळी पडद्यावर रवा सांडला होता. आणि खालून वरपर्यंत, कुणी विस्तवावर फुंकर घालत असावं तसा, नारिंगी उजेड चढला होता. त्यात मोजके तारे, तेही पुसट. ती वर बघायला लागली. वर अगदी तसंच होतं. ताकासारखं. सहा वर्षांच्या मुलीला हे दिसलं होतं, आणि रोज इथे येणाऱ्या तिला नाही. कारण ती रोज पडद्याकडे बघत होती.

"आपल्याकडे जुने मूळ फोटो असतील ना?" मॅडमनी उत्साहाने विचारलं. "नितळने हात लावण्याआधीचे? ते दाखवले की झालं!"

मैथिली झाकण हातात फिरवत राहिली.

"मैथिली?"

"जागा संपत आली होती, मॅडम. कॅमेऱ्याने विचारलं, मूळ फोटो पुसू का? स्वच्छ फोटो आहेतच, असं वाटलं मला. मी 'हो' दाबलं. दर वेळी दाबत आले."

मॅडम रागावतील असं तिला वाटलं होतं. त्या फक्त म्हणाल्या, "चल, गारठा पडलाय."

खरी अवघड गोष्ट सकाळी होती. आत्या घावणे घालत होती. मैथिलीने चुलीजवळ बसून सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "सोमवारी मी हे समितीसमोर दाखवणार आहे."

आत्याने घावन उलटला.

"आणि माझ्या फाटकावर लावलेला तुझा मोठा फोटो? त्याच फोटोवर माणसं येतात इथे. तो पण चित्रच, असं म्हणणार तू सगळ्यांसमोर?"

"तो पण चित्रच आहे, आत्या."

"रत्नागिरीच्या कँटीनमध्ये आठ वर्षं भांडी घासलीत मी. त्यातून हे उभं केलंय. उद्या लोक म्हणतील, बाईत बाईने फसवलं."

"मला तरी कुठे माहीत होतं?"

"तेच म्हणते मी! आपण मुद्दाम केलं नाही ना? मग कशाला बोलायचं? तिथे काय सांगायचं ते मुकादम बाई सांगतील. तू लहान आहेस, गप राहा."

"कॅमेरा माझ्याकडे असतो, आत्या. पुसले मी."

तव्यावरचा घावन करपला. आत्याने तो काढून बाजूला टाकला, नवा घातला. मग चिडूनच म्हणाली, "आता काळोखच उरला नाही तर माणसं यायची तशीही थांबणारच. पुढल्या वर्षी खांब आले, की तुझं चित्र बघून येतील आणि वर बघून शिव्या देतील. तसंही मेलं, असंही मेलं."

मैथिलीला यात होकार आहे की नकार ते कळेना. आत्यालाही कळत नव्हतं बहुधा. त्या दिवशी दोघी एकमेकींशी फारशा बोलल्या नाहीत.

सोमवारी भर दुपारी पंचायत समितीच्या सभागृहात सुनावणी झाली. समितीचे अध्यक्ष सावर्डेकर साहेब शांत, जाड भिंगांचा चष्मा लावणारे गृहस्थ होते. यार्डाचे मोहिते आधीच येऊन बसले होते. मैथिलीला बघून ते म्हणाले, "काय बाय, आज शाळा बुडवलीस?"

"शाळेचंच काम आहे," मैथिली म्हणाली.

मागच्या रांगेत आत्या येऊन बसली होती. येणार म्हणून तिने सांगितलं नव्हतं.

मैथिलीने कॅमेरा अध्यक्षांसमोर ठेवला. "सर, झाकण नीट लागलंय का बघा. लागलं असेल तर छताकडे धरून तुम्हीच फोटो काढा."

"झाकण न काढता?"

"न काढता."

हशा पिकला. सावर्डेकर साहेबांनी झाकण चाचपलं, कॅमेरा डोक्यावरच्या पंख्याकडे धरला आणि बटण दाबलं. फोटो समोरच्या भिंतीवर उमटला. पंखा नव्हता. छत नव्हतं. धुरकट आकाशगंगा होती आणि मधोमध एक तेजस्वी तारा, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन लहान.

"श्रवण नक्षत्र," मुकादम मॅडम म्हणाल्या. "आत्ता ते खरंच आपल्या डोक्यावर आहे, छताच्या आणि उन्हाच्या पलीकडे. नितळला वेळ आणि जागा ठाऊक आहे. तेवढ्यावर त्याने फोटो बनवला."

"पोरीने दिवसा तारे दाखवले हो!" दाराशी उभा असलेला शिपाई म्हणाला आणि सगळे पुन्हा हसले. सावर्डेकर साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढला, कॅमेऱ्यावर तळहात दाबून धरला आणि फोटो घेतला. बघितला. त्यातही तारे होते. मग तो फोन त्यांनी मोहित्यांपुढे सरकवला. मोहित्यांनी तेच आपल्या फोनवर करून पाहिलं.

"आमचा राज्याचा नकाशा," सावर्डेकर साहेब स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "अशाच फोटोंवरून केलेला आहे."

मग त्यांनी मैथिलीकडे पाहिलं. "बाळ, नितळवर विसंबता येत नाही हे तू दाखवलंस. पण यार्डामुळे आकाश उजळलं, हे यातून सिद्ध होत नाही. जुने मूळ फोटो आहेत?"

"नाहीत. मी पुसले. आणि माझ्या आत्याच्या होमस्टेवर लावलेला फोटोही नितळनेच केलेला आहे. तो मी काढला, पण तसं आकाश मी कधी पाहिलेलं नाही."

मागे बघायची तिची हिंमत झाली नाही.

"मग मी काय करू? आधीचं आकाश मला कोण दाखवणार?"

यावर मैथिली रविवारभर विचार करत होती. "आधीचं नका बघू. आजचंच दोनदा बघा. आज संध्याकाळी सड्यावर या. यार्डाचे दिवे चालू असताना कृत्तिका मोजा. मग दिवे बंद करा, डोळ्यांना थोडा वेळ द्या आणि पुन्हा मोजा. आकाश तेच, डोळे तेच. बदलणार फक्त दिवे."

"यार्ड बंद करता येत नाही, बाय," मोहिते म्हणाले. "माणसं काम करतात खाली." मग त्यांनी मान खाजवली. "पाळी बदलताना खाडीकडचे खांब थोडा वेळ बंद ठेवता येतील. तेवढ्या वेळात तिथे कुणी नसतं. मलाही बघायचंय आता."

संध्याकाळी सगळे सड्यावर चढले तेव्हा चटया आधीच अंथरलेल्या होत्या आणि आत्या किटलीतून चहा ओतत होती. मैथिलीच्या हातात कप देताना ती म्हणाली, "सगळ्यांसमोर माझं नाव घेतलंस ते घेतलंस. निदान होमस्टेचं नाव तरी नीट सांगायचंस. जाहिरात झाली असती." मैथिलीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने चहा प्यायला.

चंद्र नव्हता. सगळे उताणे पडले.

"किती दिसतात?" मैथिलीने विचारलं.

"चार," सावर्डेकर साहेब म्हणाले. "चष्मा लावून."

"मला पण चार," मोहिते म्हणाले आणि त्यांनी फोन लावला. "हां, सावंत, कर बंद."

खाडीकडचा उजेड विझला. लगेच काही झालं नाही. डोळ्यांना अंधाराची ओळख पटायला वेळ लागतो. तुम्ही दिवा मालवून बघा, तुमच्याही लक्षात येईल. हळूहळू आकाशाचा तो ताकटपणा खाली बसायला लागला, गढूळ पाण्यातला गाळ बसावा तसा. आणि मागून एकेक तारे वर आले. फोटोत दिसायचे तितके नाहीत. गुलाबी ढग नव्हता, निळं धुकं नव्हतं. पण मोहिते मोठ्याने मोजत होते, "पाच... सहा... थांबा, सहा... हा सातवा!" आणि मृगापासून पुढे आकाशभर एक फिकट, कापसासारखा पट्टा उमटला होता. तो मैथिलीने स्वतःच्या डोळ्यांनी पहिल्यांदाच असा नीट पाहिला.

"हां, हेच ते," आत्या अंधारात म्हणाली. "लहानपणी आम्ही याच्याखाली झोपायचो. मला वाटायचं, म्हातारपणाने माझीच नजर गेली."

पाळी बदलली, दिवे लागले, पट्टा विरघळला. सावर्डेकर साहेबांनी चष्मा पुसला, पण त्याचा काही उपयोग नव्हता.

आठवड्याभरात निकाल आला. जुन्या खांबांना टोप्या बसेपर्यंत नवे खांब नाहीत. आणि नवे बसतील ते टोप्यांसकट. राज्याच्या नकाशावर लाल पट्टी आली, 'हा नकाशा पुन्हा तपासला जात आहे.' नितळ कुणी बंद केलं नाही. वाढदिवसाच्या फोटोंना ते चांगलंच होतं. फक्त आकाश मोजायचं असेल तर मूळ फोटो जपून ठेवायचा, असा नियम झाला.

आत्याने फाटकावरचा मोठा फोटो उतरवला. दोन कुटुंबांनी खोल्या रद्द केल्या. तिसऱ्याने फोन करून विचारलं, "खरे तारे दिसतात ना?" आत्या म्हणाली, "दिसतात तेवढेच दिसतात. जास्त हवे असतील तर घरी फोनवर बघा." ते कुटुंब आलं.

टोप्या बसवायला सुरुवात झाली. खाडीकडची पहिली रांग झाकली गेली त्या संध्याकाळी मैथिली कॅमेरा घेऊन वर गेली. नितळ बंद करून तिने एक फोटो काढला. रवाळ होता. उत्तरेला अजून थोडी नारिंगी कड होती. कृत्तिका पाच दिसत होत्या; सहावीबद्दल तिला खात्री नव्हती, म्हणून तिने ती धरली नाही. मग तिने झाकण लावलं आणि दुसरा फोटो काढला.

खाली येऊन तिने आत्याकडून मिहिकाच्या आईचा नंबर घेतला. दोन्ही फोटो जोडले आणि सोबत स्वतःच्या आवाजात निरोप भरला.

"मिहिका, मी कुंभवलीची मैथिलीताई. तू विचारलं होतंस, फोटोतले तारे वर का नाहीत. कॅमेऱ्याचा डोळा मोठा असतो हे खरंय, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं. आकाश ताकासारखंच झालं होतं, आणि ते तुला दिसलं. आता हे दोन फोटो बघ. पहिला आकाशाचा, दुसरा झाकण लावून काढलेला. जे ठिपके दोन्हीत एकाच जागी असतील ते कॅमेऱ्याचे. ते खोडून टाक. बारीक रवा सोड, तो दर वेळी बदलतो. मग ठळक असं जे उरेल त्यातले तारे कुठले, ते तूच शोध. मी सांगणार नाही. आणि पुढच्या वर्षी ये. तेव्हा आपण दोघी मिळून पुन्हा मोजू."

तिने निरोप पाठवला. मग कॅमेऱ्याने नेहमीप्रमाणे विचारलं, मूळ फोटो पुसू का?

मैथिलीने 'नाही' दाबलं.